चार मिनिटं आणि देवमाशाचा दात

"दोरी! दोरी ओलांडू नको!"

सार्जंट माड ओरडला तेव्हा माझा उजवा बूट हवेत होता. डावाही लगेच हवेत गेला, कारण त्यानेच मला मागून पट्ट्याला धरून एका हाताने उचललं. मी चौऱ्याहत्तर किलोचा हवालदार. त्याने मला धुतलेल्या गोणपाटासारखं झटकलं आणि मागच्या रांगेत बसवून ठेवलं. पोस्टवरचे सगळे हसले. माझ्याबरोबर आलेला नायक दत्ता तर एवढ्या मोठ्याने हसला की समोरच्या देशाच्या चौकीने दुर्बीण आमच्याकडे वळवली. हे शपथेवर खरं. बाकी ठिकाणी मी चिमूटभर मीठ घालतो, ते आमच्या हळर्ण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कुठे घातलं नाही तेही तुम्हाला वाचताना कळेल.

मी तेव्हा शांतिसेनेत होतो. दोन देश लढून दमले होते आणि त्यांच्या मधल्या डोंगराळ पट्टीत आम्ही निळ्या टोप्या घालून उभे होतो. आमच्या तुकडीकडे रसद: पाणी, डिझेल, रेशन. डोंगरावरच्या पोस्ट होत्या पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरच्या सैनिकांकडे. देश एवढासा की ऑफिसातल्या नकाशावर माशी बसली की देश गायब. त्याचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे येईल. तिथल्या माणसांचीही नावं लिहिणार नाही. मी आणि दत्ताने ठेवलेली टोपणनावं चालतील. सार्जंट उंच, म्हणून माड. कॉर्पोरलचा चेहरा आपल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतल्या उंडो पावासारखा गोल, म्हणून उंडो.

पेडण्याच्या बाजारात एक निवृत्त मास्तर मला अजून डिवचतात. "सगुण, जगाचो इतिहास मोठे देश घडयतत. तुझ्या त्या बेटान काय केल्यान?"

मी सांगतो, "मास्तरांनू, मोठे देश लढाया करतत. त्यो थांबल्यार मधी उभो रवाक कोण येता? कुठल्याही दोन देशांच्या मधी बघा, वाळवंटात बघा, डोंगरार बघा, ही माणसां उभी आसतत. त्यांच्यामुळे अर्ध्यो लढायो झाल्योच नाय. न झालेल्या लढाईचा पुस्तक तुमच्या शाळेत हा?"

मास्तर चहा मागवतात. पण घरी येताना मला हेही आठवतं, की त्याच बेटाने जगाच्या इतिहासातून डिचोलीचा एक माणूस कमी केला.

आधी दोरीचं सांगतो. त्या लोकांकडे एका मुळीची पूड लाकडी काठवटीत पाण्यात कालवतात आणि करवंटीतून पितात. चव गढूळ नदीची. जीभ बधिर होते. मी सतरा करवंट्या प्यायलो होतो तेव्हा माझी जीभ पार तेरेखोलपर्यंत बधिर झाली होती. रोजच्या पिण्याला नियम सैल असतात. पण त्यांच्या गावचा प्रमुख समोर बसला असेल तर काठवटीपासून त्याच्याकडे काथ्याची एक दोरी पसरतात, टोकाला कवड्या बांधलेल्या. प्रमुखाची करवंटी रिकामी होऊन तीन टाळ्या पडेपर्यंत ती दोरी कोणी ओलांडायची नाही. उठायचंही नाही. "आजोबांच्या काळात ओलांडणाऱ्याचं डोकं फोडत," माड मला म्हणाला. दत्ता म्हणाला, "दादा, मगे तुज्या डोक्याक काय धोको नाय. फुटण्यासारखा आत काय नाय."

दत्ता पाण्याचा टँकर चालवायचा. भरती होण्याआधी त्याने डिचोलीत खाणीचे ट्रक चालवले होते. लाल धुरळ्यात पुढचा ट्रक दिसत नसताना नुसत्या हॉर्नच्या आवाजावर मागचा चालवणारी ती जमात. त्या डोंगरातले रस्ते त्याला अंगणासारखे. पोस्ट सहाला, म्हणजे माड-उंडोच्या पोस्टला, तो नेमापेक्षा दोन कॅन जास्त पाणी टाकायचा, कारण त्यांच्या काठवटीला पाणी लागतं. उंडोशी त्याची खास गट्टी. दत्ता त्याच्यासमोर देवळातल्यासारखं गाऱ्हाणं घालायचा: "बा देवा म्हाराजा, ह्या उंड्याक लवकर घरी धाड!" आणि उंडो, दोन मुलींचा बाप, तीन टाळ्या वाजवून ओरडायचा, "व्हय म्हाराजा!"

आता मीठ संपलं.

त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये सेटवर मी होतो. दत्ताचा टँकर ०८३० ला कॅम्पमधून निघाला, पोस्ट सातसाठी. रस्ता पोस्ट सहाच्या खालच्या फाट्यावरून जातो. फाट्यापुढे अरुंद घाट, वळायला जागा नाही, आणि गाडीचा सेट त्या डोंगरात फाट्याच्या आधीपासूनच लागत नाही. ०९१२ ला खबर आली की घाटात ताजा सुरुंग पुरलेला एका मेंढपाळाने पाहिलाय. नियम ठरलेला होता. मी पोस्ट सहाला कळवायचं, त्यांनी फाट्यावर लाल बावटा दाखवून गाडी थांबवायची. धावत गेलं तर एका मिनिटाचं काम.

"सिक्स, सिक्स, कंट्रोल. अर्जंट. ओव्हर."

उत्तर नाही.

"सिक्स, कंट्रोल. स्टॉप द टँकर. स्टॉप ॲट जंक्शन. ओव्हर."

उत्तर नाही. मी सेट बदलला. बॅटरी पाहिली. पुन्हा बोललो. चार मिनिटं बोलत राहिलो. ०९१६ ला उंडोचा आवाज आला, धापा टाकत. "कंट्रोल, सिक्स. ऐकलं. ओव्हर."

टँकर ०९१४ ला फाटा ओलांडून गेला होता. ०९१९ ला आवाज झाला. तो मी सेटवर ऐकला नाही. खिडकीतून ऐकला.

चौकशीत उंडोने काहीही लपवलं नाही. त्या सकाळी त्यांच्या गावचा प्रमुख पोस्टवर होता. तो त्यांच्या सैन्यातला मोठा अधिकारी, घरी परत निघाला होता, निरोप घ्यायला आला होता. उंडो त्याच्याच गावचा. मान म्हणून उंडोला सेटच्या ड्यूटीवरून उठवून काठवटीपाशी बसवलं. सेट दोरीच्या पलीकडे, स्टुलावर.

"सेटवरचा आवाज ऐकू आला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो, सर."

"सगळ्यांना?"

"हो, सर."

"मग?"

"करवंटी भरलेली होती, सर."

कागदावर लिहिलं गेलं: संपर्कात विलंब. आणि त्या काठवटीतलं पाणी आदल्या दिवशी दत्तानेच टाकलेलं होतं. ते कागदावर नाही, म्हणून इथे लिहितो.

दत्ताची पेटी विमानात चढली त्या संध्याकाळी मी गाड्यांच्या एमटी यार्डामागे एक नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ज्यांच्या घशान माझ्या दत्ताचो जीव घेतलो, त्यांचो घसो सुकव." व्हय म्हाराजा म्हणायला कोणी नव्हतं. ते मीच म्हणालो.

मग देवाला मदत केली. पाण्याच्या फेऱ्यांचा तक्ता माझ्याकडे होता. पोस्ट सहाचा टँकर नादुरुस्त झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा पंप बिघडला. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरला ताप आला. ड्रायव्हर माझ्यासमोर बसून ऑम्लेट पाव खात होता, त्याला ताप आलाय हे त्याला मीच सांगितलं. त्यांच्याकडची साठवण किती उरली असेल, त्याचा हिशेब मी रोज रात्री झोपताना करायचो आणि मला गाढ झोप लागायची. खोटं सांगत नाही. वाईट वाटलं नाही. मी वाट पाहत होतो, ते सेटवरून पाणी मागतील याची. मागितलं की त्यांना चार मिनिटं उत्तर द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. समोर ठेवायला घड्याळही काढून ठेवलं होतं.

त्यांनी मागितलं नाही.

चौथ्या दिवशी ११०० वाजता गेटवरचा संत्री धावत आला. "साब, पोस्ट सिक्स आ गया. पूरा."

दोघे पहाऱ्यावर ठेवून बाकीचे नऊ जण नऊ किलोमीटर चालत आले होते. टोप्या काढलेल्या, हत्यार नाही. यार्डासमोरच्या खडीवर ते मांडी घालून बसले, माना खाली. मधे उंडो, गुन्हा कबूल केल्याची खूण म्हणून खांद्यावर चटई गुंडाळलेली. पुढे माड. त्याच्या दोन्ही हातांत देवमाशाचा एक दात, वेलची केळ्याएवढा, जुना, पिवळा, काथ्याच्या दोरीत ओवलेला.

आमच्या कॅप्टनसाहेबांनी माहिती काढली. "हवालदार, ये इनका रिवाज है. माफी मांगने आए हैं. दांत ले लो तो बात खत्म. उसके बाद उस बात का नाम कोई नहीं लेता. नहीं लिया तो बैठे रहेंगे."

"ऑर्डर है, साब?"

"इसमें ऑर्डर नहीं चलता."

"तो बैठने दो, साब."

ते बसले. ऊन असं होतं की खडी हातात धरवत नव्हती. मी यार्डाच्या सावलीत खुर्ची टाकून समोर बसलो. बाजूला पाण्याचा कॅन. मी पाणी प्यायलो. त्यांनी पाहिलं नाही. १३०० वाजता पुन्हा प्यायलो. उंडोचे ओठ फुटले होते. १४३० ला तो एका बाजूला कलंडला. शेजारच्याने त्याला खांद्याने सरळ केलं. पुढे दात धरलेले माडचे हात हलले नाहीत.

१६४० वाजता मी उठलो. माझं मन द्रवलं असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. मला तो दात हवा होता. लढाईत शत्रूचं शिर आणतात, तसं काहीतरी घेऊन मला डिचोलीला जायचं होतं. दत्ताच्या आईच्या पायरीवर मी रिकाम्या हाताने कसा उभा राहणार होतो?

मी दात घेतला.

माडने तीन टाळ्या वाजवल्या. मागच्या आठांनी वाजवल्या. उंडो खडीवर कपाळ टेकून रडला, मोठ्याने, हलका होऊन. त्याचा रडलेला चेहरा मोकळा होत गेला ते मी पाहिलं आणि मला कळलं की मी फसलो. त्याचं ओझं उतरलं. माझ्या हातात दात.

नंतर त्यांना पाणी दिलं. टँकर लगेच दुरुस्त झाला.

तर दात घेतल्यावर त्या गुन्ह्याचं नाव घ्यायचं नाही, असा तो रिवाज. म्हणून देशाचं नाव नाही, माणसांची नाहीत. बाकीचं लिहू नको, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीवर आलो तसा डिचोलीला गेलो. दत्ताची आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं. अगदी माझ्या पद्धतीने, त्या बेटाने थांबवलेल्या लढायांपासून. तिने मधे एकदाच विचारलं.

"ती करटी केदी मोठी रे?"

मी हाताने दाखवली. ती आत गेली, नारळाची एक करवंटी आणली, कळशीतलं पाणी तिच्यात भरलं आणि माझ्यासमोर उभं राहून प्यायली. घाई न करता. करवंटी उपडी केली.

"इतकोच वेळ?"

"त्यांची टाळी धरून थोडो जास्त, मावशे."

ती पुन्हा सूप घेऊन बसली.

दात आज माझ्या घरी खुंटीला आहे. दर वर्षी त्या बेटावरून एक पत्र येतं. उंडोच्या मुली आता मोठ्या झाल्या, नारळ चांगले आले, वादळात छप्पर उडालं. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नसतं. मी उत्तर लिहीत नाही. या सगळ्यात मी एकच नाव पूर्ण लिहितो: नायक दत्ताराम भिवा गाड, टँकर ड्रायव्हर, डिचोली. कर्तव्यावर असताना, ०९१९.

डिचोलीहून त्या दिवशी निघताना मी दात सुपाशेजारी ठेवला होता. म्हटलं, "मावशे, ह्यो घेतलो की सगळा मिटता, असा त्यांचो रिवाज. मी घेतलंय."

तिने दाताकडे पाहिलं नाही. तांदळातला खडा उचलून बाहेर टाकला.

"तू घेतलंस. मी घेवक नाय."