शिशाऐवजी फारिन्या

आमच्या नदीकाठी बंदुकीत घातलेलं काडतूस बहुतेक झुल्मिराबाईच्याच हातचं असायचं. शहरातलं नवं काडतूस आम्हा रबराचा चीक काढणाऱ्यांना कुठलं परवडायला! उडवलेली पितळी नळकांडी आम्ही खिशात घालून परत आणायचो आणि तिच्या ओट्यावर ठेवायचो. ती बुडातली ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, बंदुकीची दारू भरायची, ताडाच्या काथ्याचा बोळा ठासायची. मासेमारीच्या जुन्या जाळ्यांची शिशाची वजनं वितळवून केलेले छर्रे वर ओतले की मेणाने तोंड बंद.

तिची मुलगी ऐवानेते हिचा नवरा ओस्मारीनो. प्यायला की बंदुकीच्या दस्त्याने बायकोला मारायचा. एकदा तिचे पुढचे दात पाडले. मग एके दिवशी त्याने तिच्या डोक्यावरून बार काढला आणि छपराला भगदाड पाडलं.

"पुढचा बार खाली लावीन," म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तो रिकामी नळकांडी घेऊन सासूच्या ओट्यावर हजर. "सासूबाई, जरा दणकट भरा हं."

"भरते की जावईबापू," झुल्मिराबाई म्हणाली, आणि छर्‍यांच्या जागी तिने कसाव्याची जाडी फारिन्या, म्हणजे कंद किसून भाजलेला खरखरीत रवा, भरली. हलवून पाहिलं तर छर्‍यांसारखीच खुळखुळायची. तो नेहमी एकटाच शिकारीला जायचा. रिकाम्या हाताने येईल, तेवढंच, असं तिला वाटलं. काडतुसं देऊन ती ब्राझील-नट वेचायला नदीच्या वरच्या अंगाला गेली.

पण तिचा धाकटा भाऊ देउसदेते त्या दिवशी ओस्मारीनोबरोबर निघाला. त्याची स्वतःची नळकांडी अजून बहिणीच्या ओट्यावर रिकामी पडली होती, म्हणून त्याने नुसता कोयता घेतला.

रानडुकरांचा अख्खा कळप लागला. ओस्मारीनोने म्होरक्यावर बार काढला. पांढरा भुगा उडाला. दुसरा काढला, पुन्हा भुगा. कळप दात करकरवत अंगावर उलटला. ओस्मारीनो झाडावर चढला. देउसदेतेचा गुडघा अधू. डुकरांनी त्याला बुंध्याशीच पाडलं.

आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. पोट फाटलेलं, एका मांडीचं हाड उघडं. झोळीत घालून आणताना वाटेतच तो गेला. तोवर झुल्मिराबाई परतली होती. भावाचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली.

ओस्मारीनोने उरलेलं काडतूस सुरीने उघडून सगळ्यांसमोर पालथं केलं. "बघा! हिनेच मारलं आपल्या भावाला!"

"पोरीला वाचवायला भरलं होतं रे," ती म्हणाली. "हा जाईल तुझ्याबरोबर, हे मला काय ठाऊक!"

त्याने कोयता उगारला. पहिला घाव तिच्या दंडात रुतला. दुसरा बसायच्या आत ऐवानेतेने उखळातलं मुसळ उचलून त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. तो खाली पडला, तर तिने गुडघ्यावर आणखी एक तडाखा हाणला. आम्ही तिला आवरलं, पण घाई केली नाही. नंतर त्याला होडीत टाकून नदीच्या खालच्या अंगाला पाठवून दिलं. पुन्हा कोणी चौकशी केली नाही.

देउसदेतेला पुरताना त्याची बायको लिंदाल्वा नणंदेच्या पायाशी थुंकली. मग झुल्मिराबाईच्या ओट्यावर कोणी नळकांडी ठेवीना. शिकार थांबली. मुलांच्या ताटात नुसता भात.

पाऊस लागायच्या सुमारास लिंदाल्वा आली. नवऱ्याची नळकांडी तिथेच धूळ खात होती, ती तिने पुढे सरकवली.

"वन्सं, भरा. पण माझ्यासमोर."

झुल्मिराबाईचा घाव बसलेला हात आता नीट उचलला जात नव्हता. छर्रे ओतताना सांडले आणि जमिनीवर घरंगळले. लिंदाल्वा गुडघ्यांवर बसून एकेक वेचू लागली.

"त्याला फार दुखलं असेल का गं?" झुल्मिराबाईने विचारलं.

"हो," लिंदाल्वा म्हणाली, आणि वेचलेले छर्रे तिच्या तळहातावर ठेवले.