मान वर, बोलू नका

आमच्या रस्त्यावरच्या सलूनवाल्याला सगळे भोंगा म्हणतात, अगदी तोंडावर. त्याला त्याचं वाईट वाटत नाही, उलट आपण प्रसिद्ध आहोत असं वाटतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या सासूला मुद्दाम कमी ऐकू येतं, कोण गुपचूप कवळी बसवून आला, सगळं केसांबरोबर त्याच्या फरशीवर पडायचं आणि गिऱ्हाईक ते चपलेला चिकटवून घरी न्यायचं. माझं चष्म्याचं दुकान बरोबर समोर. दुपारी माझ्याकडे कोणी फिरकत नाही, तेव्हा मी त्याच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसतो. वर्तमानपत्र नावापुरतं.

शाळेची बस चालवणारा एकजण भोंग्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचा मुलगा धावायचा. नुसता धावायचा नाही, पदकं आणायचा, म्हणून सगळा रस्ता त्याला सुसाट म्हणायचा. त्याचे पहिले केस भोंग्यानेच कापले होते, खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून. मोठा झाल्यावर सुसाट पहाटेच्या सरावाने इतका दमलेला असायचा की खुर्चीत बसला की झोपायचा. भोंगा डाव्या हाताने त्याचं डोकं सावरायचा आणि उजव्याने कापायचा. तेवढा वेळ त्याचंही तोंड बंद असायचं, हे मी स्वतः पाहिलंय.

मग एका सकाळी मैदानावर, वळण घेता घेता, सुसाट पडला आणि उठला नाही. पोरगं अजून पंचविशीतही नव्हतं. घरापुढे गर्दी जमली तेव्हा बसवाला दारात आला आणि म्हणाला, "पोरगा गेला. कशाने गेला ते डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय. ते आमच्या घरातलं आहे." एवढं बोलून त्याने दार लावून घेतलं.

आता हे काय बोलणं झालं? लोक बिचारे कामधंदा टाकून आले होते. त्यांची झोप उडाली. "घरातलं आहे म्हणजे काहीतरी आहे," असं शेजारचा किल्लीवाला म्हणाला. दुसऱ्याचं बंद कुलूप पाहिलं की याचे हात शिवशिवतात, तो त्याचा धंदाच आहे. कोणी इंजेक्शनं म्हणालं, कोणी मुलगी म्हणालं, कोणी म्हणालं प्रशिक्षकाने पळवून पळवून मारला. ज्यांना जिना चढताना मध्ये उभं राहावं लागतं ते सरावाच्या चुका सांगू लागले. टीव्हीवर एक डॉक्टर प्लॅस्टिकचं हृदय उघडून दाखवत होता. सुसाटला त्याने जिवंतपणी पाहिलं नव्हतं आणि मेल्यावरही नाही, पण खात्री दांडगी.

तेवढ्यात किल्लीवाल्याला आठवलं की आदल्या दिवशी सुसाट केस कापून गेला होता. तो सलूनच्या दारात आला. "कसा होता रे तेव्हा?"

भोंग्याने सरळ सांगायला हवं होतं की झोपला होता. पण झोपला होता ही काय बातमी झाली? समोर माणूस कान टवकारून उभा आणि द्यायला काहीच नाही, हे त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. तो म्हणाला, "गप्प होता रे. एक शब्द बोलला नाही."

खोटं नव्हतंच. झोपलेला माणूस काय बोलणार?

पण संध्याकाळपर्यंत 'गप्प होता' चं 'खचला होता' झालं. दुसऱ्या दिवशी सुसाटच्या डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्या दिवशी तो आरशात बघून काहीतरी पुटपुटलाही. मोबाइलवर व्हिडिओ टाकणाऱ्या एकाने सलूनच्या पाटीवर लाल बाण काढून विचारलं, 'शेवटच्या खुर्चीत काय घडलं?' आणि मग लोक बसवाल्याच्याच दारात जाऊन, चेहरे लांब करून, त्याच्या बायकोला विचारू लागले की घरात पोराला कोणी काही बोललं होतं का. मेलेल्याच्या आईला हे विचारायला काळीज लागतं. आमच्याकडे ते पुष्कळांना आहे.

भोंगा दोस्ताच्या घरी गेला. बसवाल्याने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, म्हणाला, "तू तरी?" आणि दार लावलं.

रोज सकाळी सलूनवरून जाताना बसवाला हॉर्न वाजवायचा आणि आतून भोंगा कात्री वर करायचा. आता बस तशीच निघून जायची. बसवाल्याची दाढी वाढत चालली होती, ती खिडकीतून मलाही दिसायची. दुसऱ्या कोणाकडेही तो ती करून घेत नव्हता. भोंगा कात्री हातात घेऊन दारात उभा राहायचा, बस वळेपर्यंत. एवढ्या बडबड्या माणसाचं तसं उभं राहणं मला बघवत नव्हतं.

त्यानंतर भोंगा वाजायचा थांबला. लोक म्हणाले, भोंगा गप्प आहे म्हणजे कोणीतरी दाबलंय. सुसाट गप्प होता तेही संशयास्पद, हा गप्प आहे तेही संशयास्पद. आमच्या रस्त्यावर बोलणारेच तेवढे निर्दोष.

पण गिऱ्हाइकाला हाकलणार कसं? भोंग्याने त्याच्या धंद्यातलाच उपाय काढला. कोणी सुसाटचा विषय काढला की वस्तरा गळ्याशी. "मान वर. बोलू नका, कापेल." प्रश्न विसरेपर्यंत वस्तरा गळ्यावरून हलायचा नाही. किल्लीवाला नुसते केस कापायला बसला होता, तो मिशी गमावून उठला. व्हिडिओवाला मोबाइल लपवून दाढीला बसला आणि हळूच म्हणाला, "त्या दिवशी नेमकं..." भोंग्याने नाकापर्यंत फेस थापला आणि एकाच गालावरून इतक्या वेळा वस्तरा फिरवला की गडी लालबुंद होऊन बाहेर पडला. चित्रफितीत म्हणे नुसती खरखर आली.

मग एका दुपारी बसवाला आला. मी बाकावर होतोच. तो सरळ खुर्चीत बसला. भोंग्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. गाठ दोनदा सुटली.

दाढी निम्मी झाली तेव्हा बसवाला आरशाकडे बघत म्हणाला, "तो झोपायचा ना इथे?"

"झोपायचा. त्या दिवशीही झोपलाच होता. मी तेवढंच सांगायला हवं होतं."

भोंग्याने वस्तरा पुसला आणि दुसरा गाल घेतला. मग बसवाला म्हणाला, "त्याला खरं काय झालं होतं, तुला सांगतो. कोणालातरी सांगायला हवं रे."

मी वर्तमानपत्र अलगद खाली केलं. खोटं कशाला बोलू, माझे कान सशाएवढे झाले होते. ज्यासाठी अख्खा रस्ता तळमळत होता ते माझ्यापासून दोन हातांवर होतं.

भोंग्याने वस्तरा त्याच्या गळ्याशी नेला. "मान वर. बोलू नकोस."

"अरे, तुला म्हणून सांगतोय."

"मला नको. माझ्या तोंडात काही टिकत नाही, तुला माहीत आहे. ते तुझं आहे, तुझ्याकडेच राहू दे."

बसवाल्याने मान वर केली आणि डोळे मिटले. भोंग्याने दाढी पुरी केली, गरम टॉवेल पिळला आणि त्याच्या सगळ्या तोंडावर पसरला. मग कापडाखालचे खांदे हलायला लागले. भोंग्याने डाव्या हाताने त्याचं डोकं धरलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही उद्या या."

मी बाहेर आलो. पाठीमागे शटर खाली आलं.

किल्लीवाला टपूनच होता, बिनमिशीचा. "बसवाला आत आहे ना? काय चाललंय?"

"दाढी."

"दाढीला शटर कशाला लागतं?"

"वारा येतो," मी म्हणालो. झाडाचं पान हलत नव्हतं आणि माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.