सलूनकाकांचा उलटलेला पट

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि वहिनींचे यजमान एका पायात मोजा चढवून दुसऱ्याच्या शोधात घरभर लंगडी घालत होते.

"दोन्ही मोजे मी एकत्रच ठेवले होते," ते म्हणाले.

"मग गेले असते तर दोन्ही एकत्रच गेले असते," गॅसवरची नजर न हलवता वहिनी म्हणाल्या.

इतक्यात दार वाजलं. बेल असताना कुणीतरी मुठीने ठोकत होतं. वहिनींनी दार उघडलं तर समोर खालचे सलूनकाका. अंगात पांढरा एप्रन, कानावर कंगवा, हातात गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झाडायचा मऊ ब्रश. ऐन धंद्याच्या वेळी हा माणूस जिना चढून आला होता.

"काकूंना काही झालं का?"

"तिला काय धाड भरलीय? कॉम्प्युटर उलटा झालाय."

"पडला?"

"पडला असता तर उचलला असता. जागच्या जागी उलटा झालाय. वहिनी, तुमचं कॉम्प्युटरचं शिक्षण झालंय ना?"

"कॉलेजात असताना झालं होतं. आता त्यावर धूळ बसलीय."

"धूळ मी झाडतो, तुम्ही चला. बाराच्या आत चाल गेली नाही तर डाव डॉक्टरांचा."

वहिनींनी गॅस बंद केला. डॉक्टर म्हणजे कोण आणि डाव म्हणजे कसला, हे त्यांनाच काय, अख्ख्या इमारतीला माहीत होतं.

काकांचं सलून इमारतीच्या तळमजल्यावर, आणि सलूनच्या मागची खोली हेच त्यांचं घर. मिसरूड फुटायच्या आधी त्यांनी कात्री हातात धरली आणि त्याच सुमारास बुद्धिबळाची सोंगटीही. दुकानात आपली पाळी यायची वाट बघणारी माणसं खेळत बसायची, आणि काका कुणाच्या तरी डोक्यावर वाकलेले असताना आरशातून तो पट बघत बघत शिकले. त्यामुळे वजीर राजाच्या कुठल्या बाजूला असतो, यात त्यांचा बरेच दिवस घोळ होता. पुढे ते गल्लीतल्या सगळ्यांना हरवू लागले, आणि मग गल्लीतलं कुणी त्यांच्याशी खेळेना. एका गिऱ्हाइकाने कचेरी बंद करताना तिथला जुना कॉम्प्युटर, मागे पेटाऱ्यासारखं पोट असलेल्या मॉनिटरसकट, काकांना देऊन टाकला. त्या पेटाऱ्यातूनच त्यांना डॉक्टर भेटले.

डॉक्टर दातांचे, कुठल्यातरी लांबच्या शहरातले. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. धंदे मात्र शेजारशेजारचे: माणसाला खुर्चीत रेलवायचं, तोंडाशी हत्यार न्यायचं आणि हलू नका म्हणायचं. खेळ रोज एका चालीचा. चालीसोबत एखादं वाक्य लिहायची पद्धत डॉक्टरांनीच पाडली. जिंकायला आले की लिहीत, "आता थोडं दुखेल." मात दिल्यावर लिहीत, "चूळ भरा." काका उत्तर देत, "पुढच्या खेपेला बारीक कापतो." पण ती पुढची खेप काही येत नव्हती. डाव बरोबरीत सुटले होते, थोडक्यात निसटले होते, एकदा तर काका जिंकत असताना वीज गेली होती. जिंकणं असं एकदाही नाही.

या खेपेला मात्र काकांचं पारडं जड होतं. गेले काही दिवस ते गिऱ्हाइकांना न विचारता चहा पाजत होते.

वहिनी खाली आल्या तेव्हा सलूनच्या खुर्चीत तोंडभर साबणाचा फेस लावलेले एक पोस्टमन बसले होते.

"काका, फेस वाळायला लागला," फेसाआडून आवाज आला.

"वाळला की पुन्हा लावतो. हलू नका," काका आत जाता जाता म्हणाले.

आतल्या खोलीत काकू कमरेवर हात ठेवून कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या. पडद्यावर सगळं डोकं खाली, पाय वर. खालची पट्टी वर जाऊन बसली होती आणि अक्षरं वटवाघळासारखी लोंबत होती.

"अगं, हे म्हणाले पेटाराच उलटा करू," काकू वहिनींना म्हणाल्या. "त्याला डोक्यावर बसता येईना. मग म्हणाले, तू धर. मी म्हटलं, धरीन की, पण तुम्ही एका चालीला दोन तास विचार करता. तोवर मला कोण धरणार?"

"आरसाही लावून पाहिला," काका म्हणाले. गिऱ्हाइकाला मागची मान दाखवायचा हातआरसा टेबलावर पडला होता. "पट सुलटा दिसतो, पण डावं उजवं होतं. राजा भलतीकडेच जाऊन बसतो."

"माझ्या मोबाइलवर उघडू या का?" वहिनींनी विचारलं.

"पासवर्ड कुठाय? मी तो एकदा घातला. तेव्हापासून मशीन विचारत नाही, मीही आठवत नाही."

वहिनींनी पदर खोचला. आधी मागची वायर पाहिली. ती घट्ट होती, तरी काढून पुन्हा बसवली. चित्र उलटंच. मॉनिटरच्या पुढची बटणं दाबून पाहिली, तर चित्र उजळलं, काळवंडलं, थोडं डावीकडे सरकलं आणि उलटंच राहिलं. मग त्यांनी कॉम्प्युटर नीट बंद केला आणि पुन्हा चालू केला. पंख्याची घरघर सुरू झाली, पडदा हळूहळू तापला, आणि कंपनीचं चिन्ह उमटलं. सरळ.

"झालं," काका ओरडले.

क्षणभरात चिन्ह गेलं, निळा पडदा आला आणि पुन्हा सगळं कोलांटी मारून उभं राहिलं.

काकांचा चेहरा पडला, पण वहिनींचे डोळे चमकले. "काका, ही चांगली खूण आहे. सुरुवातीचं चिन्ह सरळ आलं. म्हणजे पडदा धडधाकट आहे, वायर धडधाकट आहे. चित्र आतूनच उलटं येतंय. कुठेतरी एखादी सेटिंग बदललीय, तेवढी सापडली की झालं."

"सापडेल?"

"सापडायला हवी."

त्यांनी माउस हातात घेतला आणि खरी गंमत सुरू झाली. हात उजवीकडे नेला की बाण डावीकडे पळे, वर नेला की खाली. वहिनी एका चौकटीवर टिचकी मारायला जात आणि बाण भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसे. सेटिंगचं पान उघडायला गेल्या तर गणकयंत्र उघडलं. ते बंद करायला गेल्या तर दुसरं उघडलं. भिंतीवरचं घड्याळ साडेअकराच्या पुढे सरकलं होतं.

"पडदा उलटा आहे तर उंदीरपण उलटा धर की," काकू म्हणाल्या.

वहिनी हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्यांनी माउस फिरवून शेपटी आपल्या पोटाकडे केली. बाण शहाण्यासारखा, हात जाईल तिकडे जाऊ लागला.

"काकूंना बक्षीस द्या," त्या काकांना म्हणाल्या.

"लग्न केलंय हिच्याशी, आणखी काय देऊ?" काका म्हणाले. "वहिनी, सेटिंग राहू द्या. आधी पट उघडू. चाल रात्रीच ठरलीय. तेवढी करतो, मग तुम्ही दिवसभर शोधा."

पट उघडला. काकांची पांढरी फौज पडद्याच्या वरच्या टोकाला लटकत होती आणि डॉक्टरांची काळी फौज खाली, काकांच्या बाजूला येऊन बसली होती. कडेला डॉक्टरांचं कालचं वाक्य उलटं लोंबत होतं. वहिनींनी मान वाकडी करून वाचलं: "कडेचं प्यादं सैल झालंय. काढून टाका."

"माझा वजीर घरच्या ओळीत उभा आहे," काका समजावू लागले. "तो असा तिरका जाऊन ते प्यादं खातो. फुकटात. मग डॉक्टरांकडे उरतंय काय? वहिनी, आज मी यांना चूळ भरायला लावतो."

त्यांनी उलटा माउस हातात घेतला, वजिरावर बाण नेला, बोट टेकवलं. आणि ते बोट तसंच राहिलं.

"दाबा ना," काकू म्हणाल्या.

 काकांनी खुर्ची जराशी मागे सरकवली. त्यांचे डोळे पटाच्या खालच्या टोकापासून वरपर्यंत एकाच सरळ पट्टीवरून गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

"काका, सेटिंगचं पान सापडलं तर मी लगेच..."

"वहिनी, हात लावू नका. काहीही सरळ करू नका."

बाहेरून पोस्टमनचा आवाज आला, "काका, मी अर्धी दाढी घेऊन जाऊ का?"

"गप बसा हो जरा," काकू परस्पर म्हणाल्या.

काकांनी पडद्याच्या वरच्या टोकाला बोट लावलं.  "हा माझा राजा. पुढे त्याचीच तीन प्यादी उभी. बघा, कसा कोंडून बसलाय. रोज मी याच्या पाठीमागून बघतो, तेव्हा मला वाटतं, किती सुरक्षित आहे. आणि हा बघा, खाली माझ्या पोटाजवळ, डॉक्टरांचा हत्ती. याच्यापुढची सगळी पट्टी मोकळी आहे, थेट माझ्या घरापर्यंत. आता मी डॉक्टर आहे असं समजा. मी काय करीन?"

काकू खुर्चीच्या पाठीला धरून वाकल्या. त्यांना घोडा सोडून एकही सोंगटी ओळखता येत नव्हती, पण मोकळा रस्ता कळत होता. "हत्ती सरळ नेईन."

"नेता येत नाही. तिथे वजिराचा पहारा आहे. गेला तर वजीर त्याला खाईल. म्हणून मी काय करीन? वजिराला लांब कुठेतरी जेवायला बोलावीन. फुकट प्यादं ठेवीन. सैल झालंय म्हणून सांगीन." काका आता उभेच राहिले होते. "वजीर प्यादं खायला गेला की हत्ती वर, आणि राजाला पळायला जागा नाही. मात. अहो, रात्री उशिरापर्यंत मी या पटाकडे बघत होतो. समोरून बघितल्याबरोबर दिसलं."

 बुद्धिबळातलं वहिनींना जेमतेमच कळायचं, पण काकांचा आवाज चढत गेला तशा त्याही खुर्चीच्या कडेवर आल्या होत्या. "मग आता काय करायचं?"

"खिडकी उघडायची."

"कुठली?" काकू खोलीभर बघू लागल्या.

"राजाची. त्याच्या पुढचं प्यादं एक घर सरकवायचं. म्हणजे हत्ती आला तरी राजा खिडकीतून बाहेर. आणि डॉक्टरांचं सैल प्यादं काय, उद्याही सैलच असणार."

काकांनी उलट्या पडद्यावर, उलट्या माउसने, आपलं छोटंसं प्यादं एक घर सरकवलं. ते खरं म्हणजे पुढे गेलं होतं, दिसायला मात्र खाली उतरलं. वहिनींनी तीनदा विचारलं, हेच ना, नक्की ना. काकांनी बटण दाबलं. चाल गेली. घड्याळात बाराला अजून थोडा अवकाश होता. तिघांनीही एकदमच श्वास सोडला.

काका खुर्चीत बसले. आणि काम झालं की हात जे आपोआप करतो, ते त्यांच्या हाताने केलं. डावा तळवा कीबोर्डवर टेकवून त्यांनी एप्रनच्या खिशातून ब्रश काढला आणि गिऱ्हाइकाची मान झाडावी तसा कीबोर्ड झाडायला घेतला.

पडदा एकदा काळा झाला आणि पट आडवा होऊन भिंतीला टेकून झोपल्यासारखा दिसू लागला.

"अहो, आता हे काय केलंत?" काकू म्हणाल्या.

"हात उचलू नका," वहिनी जवळजवळ ओरडल्याच. "काका, तळवा तसाच ठेवा. हलू नका."

गिऱ्हाइकांना आयुष्यभर हेच सांगत आलेला माणूस पुतळ्यासारखा बसून राहिला. वहिनींनी खाली वाकून बघितलं. काकांच्या रुंद तळव्याखाली कीबोर्डच्या उजव्या अंगाची कंट्रोल आणि ऑल्ट ही दोन्ही बटणं दाबली गेली होती, आणि ब्रशचं टोक शेजारच्या बाणांच्या बटणांवर होतं, डावीकडच्या बाणावर. वहिनींनी हळूच वरचा बाण दाबला. पडदा पुन्हा काळा झाला, आणि सगळं जग आपल्या पायांवर उभं राहिलं.

"काल रात्री झोपताना कीबोर्ड झाडला होता?" त्यांनी विचारलं.

"रोजच झाडतो, पडदा बंद केल्यावर. केस जातात ना आत."

"म्हणजे काल खालच्या बाणावर ब्रश फिरला."

काकू तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "मी मघापासून कॉम्प्युटरला नावं ठेवतेय. आणि ही करणी ह्यांच्या ब्रशाची."

दारात पोस्टमन उभे होते. गळ्यात टॉवेल, गालावर वाळलेला पांढरा फेस. त्यांना किती कळलं होतं कोण जाणे, पण तेही टक लावून पडद्याकडे बघत होते. आणि त्यांनाच ते आधी दिसलं. "काका, काहीतरी आलंय बघा."

एरवी डॉक्टर उत्तर द्यायला रात्र लावायचे. आज चाल आली नव्हती, नुसतंच एक वाक्य आलं होतं, सुलटं आणि स्पष्ट: "दिसलं वाटतं. मी इथे सुई भरून बसलो होतो."

काकांनी ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी मागे वळून पोस्टमनना दटावलं, "तुम्ही खुर्चीतून उठलात कसे?" पोस्टमन निमूटपणे परत जाऊन बसले. काकूंनी चहाचं आधण ठेवलं, आणि वहिनींना वर राहिलेलं दूध आठवलं. त्या निघाल्या.

उंबऱ्याशी पोचल्या तोच मागून हाक आली. काका एका हातात दाढीचा ब्रश आणि दुसऱ्यात साबणाची वाटी घेऊन उभे होते, पण बघत होते त्या सरळ झालेल्या पडद्याकडे.

"वहिनी, ते पुन्हा उलटं कसं करायचं, तेवढं मला शिकवून जा."