तहानेची बंदिश

माझे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. मी पेटीशेजारी उभी राहून गायची. गीताचं कडवं संपलं, सगळे थांबले, तरी माझा सूर थोडा वेळ पुढं जात राहायचा. बाकांवरची माणसं हसायची. वडील हसले नाहीत. एके दिवशी त्यांनी मला सायकलवर बसवलं आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत नेलं. तिथं एक गाणाऱ्या बाई एकट्याच राहायच्या. त्यांच्या खोलीला लागून म्हशींचा गोठा होता आणि शेणाचा वास थेट तंबोऱ्यापर्यंत यायचा.

बाईंनी वडिलांना विचारलं, "मास्तर, तुम्ही ख्रिश्चन न्हवं? मग तुमच्यात पियानो, गिटार आसतंय की."

वडील म्हणाले, "पोरीचा गळा हितला हाय, बाई."

बाईंनी मला सा लावायला सांगितला. मी लावला. त्यांनी एकदा वडिलांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "उद्यापासनं धाडा."

बाई शिकवताना फार कमी बोलायच्या आणि बोलल्या तर तोडून बोलायच्या. शाळा सुटली की मी त्यांच्याकडं जायची, दिवेलागणीला वडील न्यायला यायचे आणि बहुधा लवकरच यायचे. दाराजवळच्या पोत्यावर बसून ते माझी शिकवणी ऐकायचे. सायकलवरून परत येताना बाईंनी दिलेली एखादी सुरांची जागा ते स्वतःशी गुणगुणून बघायचे आणि रविवारी उपासनेत गीताच्या मधल्या वाजवण्यात ती हळूच घालायचे. ते फक्त मला कळायचं. ते माझ्याकडं बघायचे, मी खाली बघून हसायची.

गुरुपौर्णिमेला बाईंच्याकडं सगळे शिष्य जमायचे. सरस्वतीच्या तसबिरीला हार, आरती, मग बाईंची पूजा. मी आरतीच्या वेळी दाराशी उभी राहायची. एका वर्षी कुणीतरी कुजबुजलं, हिला विद्या पाहिजे, पण देवी नको. बाईंच्या कानावर ते गेलं. त्यांनी मला पुढं बोलावलं, तंबोरा माझ्या मांडीवर ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ही रोज ह्याची तार पुसती. तुम्ही किती जण पुसताय? तेवढी पूजा बास हाय मला." त्यांनी बाजू घेतली हे खरं, पण त्या दिवसापासून बाकीचे माझ्याशी जपून बोलायला लागले. प्रसादाची वाटी माझ्यापुढं यायची तेव्हा वाटणाऱ्याचा हात क्षणभर थांबायचा. घेईल का, नाही घेणार? मी घ्यायची. तरी पुढच्या वर्षी हात पुन्हा थांबायचाच.

मोठी झाले तसे बंदिशीतले शब्द टोचायला लागले. कान्हा, मुरली, यमुनेचा घाट. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मावशींनी विचारलं होतं, "तू देवाच्या घरात एक गातेस आणि बाहेर दुसरंच गातेस, मग तुझं खरं कुठलं?" मी तो प्रश्न तसाच्या तसा बाईंना नेऊन विचारला. मला वाटलं, त्या रागावतील.

"तुला त्ये शब्द खोटं वाटत्यात?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मग नको म्हणू. खोटं बोलून सूर लागत न्हाय. तुझं ठरंस्तवर आकारात गा."

त्यानंतर कितीतरी महिने बाईंनी मला एकही शब्द दिला नाही. नुसता 'आ'कार. इतर शिष्य बंदिशीमागून बंदिशी शिकत होते आणि मी नुसत्या स्वरांवर. शेवटी मीच एके दिवशी त्यांना सांगितलं की मी शब्द म्हणेन. त्या बंदिशींत कुणीतरी कुणाची तरी वाट बघत असतं, आणि वाट बघणं मला ठाऊक होतं. मीही प्रार्थनेत तेच करत होते. बाई म्हणाल्या, "बरं." एवढंच. कशावरून ठरवलंस, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढं मी मैफिलींत गायला लागले. कोल्हापुरात, कागलला, सांगलीकडं. माझी ओळख करून देणारा प्रत्येक जण एक शब्द हमखास वापरायचा: असूनही. "ख्रिश्चन असूनही इतकं शुद्ध शास्त्रीय गाणं." टाळ्या पडायच्या. मी नमस्कार करून तंबोरा जुळवायला घ्यायची, पण तो शब्द पहिला सा लागेपर्यंत कानात राहायचा. आणि चर्चमध्ये मी दुसरा, खालचा आवाज म्हणून गायनमंडळात उभी राहिले, तर शेजारच्या बाई हळूच म्हणायच्या, "ताना नकोत हं."

आई गेली, मग बाई गेल्या आणि त्यानंतर काही वर्षांनी वडील. भाऊ पुण्याला स्थायिक झाला. लग्नाचं म्हणाल तर मंडळीतली स्थळं गाणं सोडायची अट घालत आणि बाहेरून आलेली धर्म सोडायची. मी दोन्ही सोडलं नाही, त्यामुळं तो विषय आपोआप मागं पडला. मी राजारामपुरीत एका इमारतीत दोन खोल्या घेऊन राहते. खाली क्लिनिक आहे, समोर कोचिंग क्लास. संध्याकाळी थोड्या मुली शिकायला येतात. बाकीचा दिवस माझा असतो, आणि तो खूप मोठा असतो.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या चर्चला नवे पाळक आले. आजऱ्याकडचे, वयानं तरुण. त्यांनी कुठंतरी माझं गाणं ऐकलं होतं. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस चालू असताना ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, गुड फ्रायडेला आपण येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांना बोलायला लावतो. या वर्षी एका उद्गारावर कुणी बोलू नये असं मला वाटतं. तुम्ही गावं."

"कुठल्या?" मी विचारलं.

"तुम्हीच ठरवा."

मला ठरवायला वेळ लागला नाही. तहानेचा: 'मला तहान लागली आहे.' बाकीच्या उद्गारांत क्षमा आहे, वचन आहे, प्रश्न आहे. तिथं मात्र एक माणूस फक्त पाणी मागतो. मी लहानपणापासून त्या ठिकाणी अडकायची.

उपासना दुपारी बारा ते तीन. त्या वेळेचा राग सारंग, आणि बाईंनी मला सगळ्यात मन लावून शिकवलेला राग वृंदावनी सारंग. गंधार नाही, धैवत नाही. दोन स्वर वगळलेले असल्यामुळं त्यात मोकळी, तापलेली जागा राहते, माळावर राहते तशी. मी दोन ओळी बांधल्या: तहानला धनी पाण्याचा, ओंजळ कुणी ना धरी. तीन ताल, मध्य लय. 'धनी'वर सम. बांधून झाल्यावर पहिल्यांदा पूर्ण म्हटली तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते. शुद्ध आणि कोमल दोन्ही निषाद कुठं येतात ते ज्याला सांगावं आणि हे शब्द कुठून आले ते ज्याला सांगावं, अशी दोन वेगवेगळी माणसं मला आठवत होती. दोन्ही कळणारं माणूस एकच होतं, माझे वडील, आणि ते आता नव्हते. मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसून राहिले.

तबल्याला माझे नेहमीचे साथीदार आले. ते जैन, राजारामपुरीतच त्यांचं कापडाचं दुकान आहे. दारात त्यांनी विचारलं, "चप्पल कुठं काढायची?"

"आमच्यात काढत नाहीत," मी म्हणाले.

"आसूं दे की," ते म्हणाले आणि अनवाणीच आत आले.

वेदीजवळ सतरंजी घातली होती. आम्ही खाली बसलो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्या दोन बाकांपलीकडच्या कुणालाही मी दिसत नव्हते. त्यांना फक्त आवाज येणार होता. उन्हानं तंबोऱ्याच्या तारा उतरत होत्या. चार वक्ते बोलून झाले, पाळकांनी माझ्याकडं बघून मान हलवली, आणि मी षड्ज लावला.

आलाप मी थोडकाच ठेवला होता. तरी मागं कुजबुज सुरू झाली. एक मूल रडायला लागलं, त्याला घेऊन कुणीतरी बाहेर गेलं. बाक करकरले. मग बंदिश सुरू झाली आणि 'ओंजळ' या शब्दापाशी आल्यावर मला ते सगळं ऐकू येईनासं झालं. मी गात होते असं म्हणण्यापेक्षा मागत होते. कशासाठी ते सांगता येणार नाही. प्रार्थना करताना मला नेहमी आपण बोलतोय आणि आपणच ऐकतोय असं वाटतं. त्या दिवशी तसं वाटलं नाही. तेवढा वेळ ऐकणारं कुणीतरी होतं.

संपल्यावर टाळ्या नव्हत्याच, त्या दिवशी नसतात. पुढचे वक्ते उठले.

तीन वाजता सगळे गप्प बाहेर पडले. मी तंबोऱ्याला गवसणी घालून दाराशी आले. लोक पाळकांना हात मिळवत होते. माझ्याजवळून जाताना काहींनी आमच्या रीतीनं "सलाम, ताई" म्हटलं आणि नजर तंबोऱ्याकडं नेली. मंडळीचे एक जुने पंच थांबले. माझ्या वडिलांच्या पेटीवर गायलेले.

"रागाचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

"वृंदावनी सारंग."

"वृंदावनी," ते म्हणाले, आणि काठी या हातातून त्या हातात घेतली. "आवाज चांगलाच आहे तुझा. पण एखादं आपलं गीत म्हटलं असतंस, तर सगळ्यांना बरोबर म्हणता आलं असतं. आम्ही नुसते बसून राहिलो."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मला मनात भांडता आलं असतं. पण ते खरं बोलले होते. आमच्याकडं माणसं एकत्र उभी राहून गातात. कुणाचा सूर लागो न लागो, सगळ्यांचा मिळून एक आवाज होतो. आणि मी शिकले ते गाणं एकट्यानं गायचं आहे. मी त्या सगळ्यांना त्यांच्याच घरात श्रोते करून बसवलं होतं.

तबलजी आणि मी रिक्षानं परत निघालो. शाहू मिल मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "मग दिलं का वो कुणी पाणी त्यास्नी?"

"नाही," मी म्हणाले. "आंब दिली. स्पंज भिजवून, काठीवर लावून."

"आंब म्हंजे?"

"आंबट झालेला द्राक्षारस."

त्यांनी मान हलवली. "उन्हातान्हात," ते म्हणाले, आणि परत बाहेर बघायला लागले. त्या दिवशी बंदिशीचा अर्थ मला विचारणारे ते एकटेच.

पावसाळ्यात बाईंच्या स्मृतीचा कार्यक्रम असतो. सकाळचं सत्र लांबत लांबत माझी पाळी भर दुपारी आली, म्हणून मी तीच बंदिश गायली. तिथं मात्र दाद आली. दोन्ही निषादांवर लोकांनी माना डोलावल्या. चहाच्या वेळी बाईंचे एक थोरले शिष्य, माझे गुरुबंधू, जवळ आले.

"झकास बांधलीय. बाईंची का?"

"नाही, माझी."

"धनी म्हणजे श्रीकृष्णच ना? की आपला पांडुरंग?"

मी त्यांना सांगितलं. शुक्रवारची दुपार, वधस्तंभ, तहान. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं का. छान, छान," आणि कपातली साखर ढवळत राहिले. ती आधीच विरघळलेली होती. थोड्या वेळानं ते दुसऱ्या कुणाशी बोलायला वळले. पुढच्या वर्षीच्या निमंत्रणात त्यांनी लिहिलं की काहीतरी पारंपरिक गावं. ते मी गायलेही.

पाळकांची बदली झाली. त्यांच्यानंतरच्यांनी सातही उद्गारांना वक्ते नेमले. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. पंचांचं बोलणं माझ्या मनातून गेलं नव्हतं. त्या दिवशी ऐकणारं कुणीतरी होतं, हेही गेलं नव्हतं. ही दोन्ही खरी असतील तर मी काय करायचं, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

मध्यंतरी एका रविवारी मी नेहमीप्रमाणं भिंतीकडच्या बाकावर होते. गायनमंडळ मी सोडलं आहे. शेजारी एक नवी बाई बसली होती, कागलहून बदली होऊन आलेली नर्स. गीत सुरू झालं, साधी चाल, चार ओळींची. मी सवयीनं आवाज खाली ठेवून म्हणत होते. दुसऱ्या कडव्याला तिनं कोपरानं मला हलवलं.

"ताई, जरा मोठ्यानं म्हणा की. तुमच्या मागनं मला सूर गावतोय."

मी आवाज सोडला. एकही जागा घेतली नाही, ठेवलेल्या चालीवरूनच सरळ गेले. ती माझ्या मागून येत होती, थोडी खाली, मग बरोबर. आमच्या पुढच्या बाकावरचे दोघं-तिघं वळले नाहीत, पण त्यांचेही आवाज उचलले गेले. कडवं संपलं तेव्हा मीही सगळ्यांबरोबर थांबले.

उपासनेनंतर तिनं माझा हात हातात घेतला आणि तिची ड्युटी होती म्हणून घाईनं निघून गेली. मी बसस्टॉपवर आले. घरी जाऊन भात लावला आणि तो होईपर्यंत खिडकीत उभी राहून वृंदावनीचा खालचा निषाद धरून ठेवला. समोरच्या क्लासमध्ये रविवारचीही परीक्षा चालू होती. कुणीतरी येऊन तिकडची खिडकी लावून घेतली. मी आवाज थोडा कमी केला आणि गात राहिले.