बहिणीचा टी-शर्ट मी 'संपवला'

कम्युनिटीतल्या दोस्तहो, आज सकाळी मी एक नीच काम केलं. तुम्हाले सांगून टाकतो.

मूल गावात आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. ऑर्डर आली का टी-शर्ट छापतो, आधी नाई. मी ऑनलाईन विक्रीच्या तीन साईटवर वाघाचं डिझाईन टाकलं. दोन महिने झाले, एकही गेला नाई. माह्या लहान बहिणीनं, शीलानं, तांदळाच्या पोत्यावरचा राईस मिलचा जुना छाप टाकला. आमचे बाबा त्या छापाचा साचा मिलसाठी पत्र्यात कापून देत. आता पुणे, बंगलोरहून तिलेच ऑर्डर येते. बाबा पाहुण्यायले तिचाच टी-शर्ट दाखवते. छापतो मी.

आज जीव लयच जळला. नेट कॅफेत येऊन तिन्ही साईटवर तिच्या डिझाईनपुढं 'स्टॉक संपला' करून टाकलं.

संध्याकाळी ती माह्यासोबत कॅफेत आली अन् तिले ते दिसलं. मी म्हटलं, "साईटवाल्यायची गडबड असन."

"भाऊ, आपण ऑर्डर आल्यावर छापतो. आपल्याकडे स्टॉक रायतेच कुठी, तर संपन कसा? तेही तिन्ही साईटवर?"

पासवर्ड आम्हा दोघायलेच माहीत आहे.

तिनं सगळं परत सुरू केलं. उठताना हळूच म्हणाली, "तुह्या वाघाले मी कधी हात नाई लावला."

ती घरी गेली. मी अजून इथीच बसून आहो. माफी तर मागतोच. पण आत्ता तिले नवी ऑर्डर आली, अन् मी पुन्हा जळलो. तुम्हाले होते का असं, सख्ख्या बहिणीबद्दल?