पाच फूट आठ इंच

कोल्हापूरच्या दवाखान्यात भावोजींना शेवटचं भेटलो, तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो सलाइनच्या बाटलीबद्दल. बाटलीवर पाचशे मिलिलिटर छापलेलं होतं, आणि आत खरोखर पाचशे भरतं का हे इथे कुणी बघितलंय का, असं त्यांना जाणून घ्यायचं होतं. आवाज खोल गेलेला, पण डोळे बाटलीवर. मी म्हटलं, असेल की. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू बाटलीवाल्यांनी मला कमिशन दिलंय. चार दिवसांनी ते गेले. त्याला आता सात आठवडे होत आले. भेटणारे लोक म्हणतात, माणूस फार सचोटीचा होता हो. होताच. पण त्या सचोटीच्या आधी त्यांच्यात आणखी एक गोष्ट होती, ती गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये म्हणून कुणी बोलत नाही. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे मेहुणा, तेव्हा मला तेवढा हक्क आहे. आमचे भावोजी भयंकर संशयी होते.

त्यांची नोकरीही तशीच होती. वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी सगळी हयात काढली. मिरकरवाड्याच्या जेटीवरचे मासळीचे काटे, कापडदुकानांतल्या मीटरपट्ट्या, रॉकेलची मापं, सोनारांचे तराजू... ते दुकानात शिरले की दुकानदार आधी खुर्ची पुढे करायचा आणि मग मनातल्या मनात शिव्या द्यायचा. त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी घरातही लागू केला होता. वजनात काही कमीजास्त आढळलं तर आधी माप तपासायचं, माल नंतर. कारण माल बिचारा असतो तसा असतो, लबाडी असते ती मापात. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, चौतीस वर्षं या नियमात संसार केला. मी दिवाळीला पेढे नेले तरी ते पुठ्ठ्याचा खोका वेगळा काढून पेढे वजन करायचे आणि मला सांगायचे, तुला बारा ग्रॅमला फसवलंय. एकदा मी वैतागून म्हटलं होतं, भावोजी, तुम्ही ताकच काय, पाणीही फुंकून पिता. तर म्हणाले, पाणी कुठल्या विहिरीचं त्यावर आहे ते.

निवृत्तीनंतर त्यांना साखर निघाली आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. चालण्याचा त्यांनी महिनाभर प्रयोग केला, पण मोबाइल सांगतो ते अंतर आणि मैलाचे दगड सांगतात ते अंतर जुळेना, म्हणून चालणं सोडलं. मग सकाळच्या वेळी भाट्याच्या पुलावरून वाकून सायकली पळवणारी चार-पाच निवृत्त मंडळी त्यांनी पाहिली आणि एकसष्टाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की आपणही तशीच सायकल घ्यायची. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची. मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, मोजमापाचा माणूस, म्हणून त्यांनी मला दुकानात बरोबर नेलं. खरं कारण निराळं असावं. साक्षीदार लागतो म्हणून नेलं असावं.

दुकान नार्वेकर बाईंचं. चाळिशीच्या, स्वतः सायकल चालवणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की या सायकलींना आपल्या जुन्या सायकलींसारखं बावीस इंची म्हणून भागत नाही. फ्रेमचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, पन्नास, बावन्न, चोपन्न असं, आणि ते आपल्या उंचीवर आणि पायाच्या आतल्या लांबीवर ठरतं. फ्रेम मोठी झाली तर हँडल लांब पडतं, माणूस ताणला जातो आणि पाठ धरते. लहान झाली तर गुडघे पोटाशी येतात. मग त्यांनी भावोजींना अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये धरून घट्ट वर ओढायला सांगितलं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजलं. पाय ऐंशी. उंची एकशे एकोणसत्तर. "काका, तुम्हाला बावन्न," असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातली एक सायकल पुढे काढली. तिच्यावर थोडी धूळ होती. झालं, भावोजींना ती धूळ पुरे होती.

बाहेर आल्यावर म्हणाले, खपत नाही म्हणून माझ्या गळ्यात मारतेय. माझी उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे एकशे बाहत्तरच्या वर. तिच्याच दुकानातल्या मापांच्या तक्त्यात बघ, एकशे बाहत्तरला चोपन्न लिहिलंय. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरी मी मोजलं. डोक्यावर गुण्या काटकोनात धरून, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारून, विद्यार्थ्यांना तीस वर्षं शिकवलं तसं. एकशे एकोणसत्तर. भावोजींनी मला पुन्हा मोजायला लावलं, मग माझी टेप हिसकावून घेतली आणि आपल्या कपाटातून पोलादी मीटरपट्टी आणून तिच्याशी ताडून पाहिली. टेप बरोबर निघाली. मग ते म्हणाले, फरशी खचलेली आहे. आता संशय घेण्याची पाळी माझी होती. लग्नाच्या वेळी यांच्या माहितीपत्रात पाच फूट आठ इंच लिहिलेलं मला चांगलं आठवत होतं, कारण आमच्या वडिलांना त्या उंचीचं फार कौतुक होतं. मी ताईला हाक मारून सांगितलं, बघ, दुसऱ्यांची मापं धरणाऱ्याने स्वतःचं माप दीड इंचाने वाढवून मुलगी पटकावली. ताई पदर तोंडाला लावून हसली. भावोजी मात्र खरोखर चिडले. "मी जन्मात खोटं माप लिहिलेलं नाही, शशी," एवढंच म्हणाले आणि आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं, चोरी सापडली म्हणून राग आलाय.

तर सायकल चोपन्नचीच आली, त्यांच्या हट्टाने. बाईंनी पावतीवर 'ग्राहकाच्या आग्रहावरून' असं लिहिलं, त्याचाही त्यांना संशय आला. पण पुढचे दोन-तीन महिने त्यांच्या आयुष्यातले चांगले गेले असं मला अजून वाटतं. पहाटे भाट्याच्या सुरूच्या बनापर्यंत जाऊन यायचे, घामाघूम होऊन आमच्या दारात थांबायचे, पाणी प्यायचे आणि बरोबरचे लोक किती किलोमीटरची थाप मारतात ते सांगायचे. फेब्रुवारीत पाठ दुखायला लागली. सगळ्यांनी एकच निदान केलं, कारण ते समोर उभंच होतं. फ्रेम मोठी. ताण पडतोय. बाईंनी हँडल जवळ आणून दिलं, सीट पुढे सरकवली. दुखणं काही थांबेना. मग भावोजींनी नवा मुद्दा काढला, की गिऱ्हाईक काहीही म्हणेल, दुकानदाराने चुकीचं माप विकलंच का? आणि ग्राहक म्हणून लेखी तक्रारीचा मसुदा मला करायला लावला. मी केला. माझं अक्षर चांगलं आहे, भाषाही बरी आहे, त्यामुळे तो अर्ज फार झोंबणारा झाला. खाली संपर्कासाठी माझा फोन नंबर दिला. वड्याचं तेल वांग्यावर कसं काढतात त्याचा तो उत्तम नमुना होता आणि लिहिताना मला मजाही आली, हे कबूल करतो.

बाई भांडल्या नाहीत. मार्चअखेर त्यांनी चोपन्नची सायकल परत घेऊन बावन्नची दिली. फक्त एक वाक्य बोलल्या, ते मला शब्दनशब्द आठवतं. "काका, सायकलने पाठ दुखली तर ती चालवताना दुखेल. तुम्हाला रात्री आडवं झाल्यावरही दुखतंय, ते आधी डॉक्टरला दाखवा." भावोजी रिक्षात बसल्यावर म्हणाले, बघितलंस, कशी अंगावरची झटकली. मी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी नव्या फ्रेमची नळी पोलादी पट्टीने मोजली, बावन्नचं लेबल चोपन्नवर चिकटवलंय का ते बघायला. नळी बरोबर होती. टेप बरोबर, तक्ता बरोबर, फ्रेम बरोबर. साप साप म्हणून आम्ही भुई धोपटत होतो आणि ते दुखणं निवांत आपलं काम करत होतं.

मे महिन्यात एका सकाळी त्यांना शिंक आली आणि ते जमिनीवर बसले ते उठलेच नाहीत. एक्स-रेत पाठीचे तीन मणके चेपलेले दिसले. तिथून कोल्हापूर, रक्ताच्या तपासण्या, आणि हाडांच्या मज्जेतला कर्करोग. मणके आतून पोखरून बसत जातात, मूत्रपिंडंही खराब होतात, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. मग कागदावर काही लिहितालिहिता त्यांनी सहज विचारलं, गेल्या वर्षभरात यांची उंची कमी झाल्यासारखी कुणाला वाटली का? खोलीत आम्ही तिघं होतो. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. ती एकशे एकोणसत्तरची रेघ त्यांच्या डोळ्यांपुढे आली असणार. ते हसल्यासारखं करून म्हणाले, "म्हणजे मी पाच आठ होतो की नाही?" मी होय म्हटलं. डॉक्टरांना मी सांगितलं की नोव्हेंबरात उंची दीड इंच कमी भरली होती, पण आम्हाला वाटलं माप चुकलं. ताई खाली बघत होती.

पण मी तेव्हा अर्धंच सांगितलं. उरलेलं आज लिहितो. मार्चमध्ये सायकल बदलून घेतली त्याच दुपारी नार्वेकर बाईंनी मला फोन केला होता. अर्जावर नंबर माझाच होता. त्या म्हणाल्या, नवीन सायकल बसवताना मी काकांचं माप पुन्हा घेतलं, पाय तेवढेच ऐंशी आहेत, पण उंची एकशे सहासष्ट भरली. चार महिन्यांत तीन सेंटिमीटर कमी, हे मला बरोबर वाटत नाही. त्यांना सांगायला गेले तर ते रागावतील, तुम्ही घरी सांगा. मी काय केलं? मला वाटलं, तक्रार अंगाशी येऊ नये म्हणून ही बाई काहीतरी रचतेय. मी म्हटलं, "बाई, आधी तुमची पट्टी तपासा." आणि फोन ठेवला. भावोजींचंच वाक्य, त्यांच्याच थाटात. मी ते कुणाला सांगितलं नाही, ना त्यांना ना ताईला. मार्चअखेर ते मेमधली ती शिंक, सात आठवडे होतात. ते सात आठवडे मिळाले असते तर काही फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना नंतर एकटा गाठून विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि असं मोजत बसू नका म्हणाले. ते होय होतं की नाही, मला कळलेलं नाही.

नार्वेकर बाईंकडे मी दिवसकार्य झाल्यावर जाऊन आलो. माफी मागितली. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते सोपं गेलं. कठीण होतं ते ताईचं. ती गेले काही दिवस माझ्याकडे निरखून बघते, बोलताबोलता मध्येच थांबते. मला वाटायचं, हिला कुठूनतरी कळलंय. लहान गाव, बाईंचं दुकान स्टँडजवळ, कुणीही सांगू शकतं. मी तिच्या घरी जायचं टाळायला लागलो. शेवटी हा लेख वरच्या परिच्छेदापर्यंत लिहिला आणि काल दुपारी तिच्यापुढे ठेवला. तोंडाने सांगायची माझी छाती नव्हती. छापून यायच्या आधी तिने वाचावं आणि म्हणाली तर फाडून टाकावं, असं ठरवून गेलो होतो.

ती खिडकीशी बसून सावकाश वाचत होती. फोनच्या जागी आली तेव्हा एकदा मागे जाऊन पुन्हा वाचलं. मी तिच्याकडे बघत नव्हतो. वाचून झाल्यावर कागद नीट घडी करून तिने बाजूला ठेवले, मग उठली, आतल्या खोलीत गेली आणि भावोजींचे चार शर्ट घेऊन आली. धुतलेले, इस्त्रीचे. एक उलटा करून तिने खालची कड माझ्या हातात दिली. मूळ शिलाईच्या वर दोन बोटांवर दुसरी टीप होती, बारीक, हाताने घातलेली. चारही शर्टांना तशीच.

"दसऱ्यापासून शर्ट लांब व्हायला लागले होते रे," ती म्हणाली. "पँटी होत्या तशाच, शर्टच तेवढे खाली यायचे. मला कळत होतं काहीतरी होतंय ते. पण म्हटलं, त्यांना कळलं तर शिंप्याशी भांडतील, नाहीतर स्वतःवर संशय घेत बसतील. म्हणून ते झोपले की मी एकेक वर घेत गेले."

त्या दिवशी माझ्या चेष्टेवर ती पदर तोंडाला लावून हसली होती, असं मी वर लिहिलंय. ती हसत होती असं मला वाटलं होतं.

तिने शर्ट माझ्या हातून परत घेतले आणि कागद मला दिले. म्हणाली, "छापायला दे. पण शर्टांचंही लिही."