गाल म्हणजे दात नव्हे

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पलीकडच्या टेबलावर एक माणूस चपाती आमटीत कुस्करून गिळत होता. चावत नव्हता. घास उजव्या बाजूला ढकलायचा, जरा थांबायचा आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाली उतरवायचा. दातांच्या डॉक्टरला दुसऱ्याचं खाणं निरखायची सवय लागते. ती आपल्या जेवणाच्या वेळीही सुटत नाही.

माणूस ओळखीचा होता. हिरामण गांगुर्डे, प्रेस शॉप या विभागातला ऑपरेटर, मूळचा देवळ्याकडचा. मी माझं ताट तसंच ठेवून त्याच्यासमोर जाऊन बसले.

"हिरामणभाऊ, तुम्हाला दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं होतं."

"येणारच व्हतो मॅडम. राहून गेलं."

"डाव्या बाजूनं का चावत नाही?"

"तिखट झोंबतं जरा. बाकी काय नाय."

"जेवण झालं की माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

"सुट्टी संपंल. सुपरवायझर बोलतो."

"सुपरवायझरशी मी बोलते."

नाशिकजवळ अंबडच्या त्या ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मी आठवड्यातून दोन दुपारी जायची. बाकीचा वेळ माझं स्वतःचं क्लिनिक. कंपनीच्या दवाखान्यात एक डेंटल चेअर होती, जुनी पण चालणारी. त्या चेअरवर हिरामणला बसवलं आणि दिवा गालावर घेतला.

आदल्या वर्षी त्याच्या डाव्या गालाच्या आत मला एक पांढरा चट्टा दिसला होता. तंबाखू-चुन्याची गोळी तो तिथंच धरायचा. अशा चट्ट्यांपैकी पुष्कळ तसेच राहतात, तंबाखू सोडली तर काही निघूनही जातात. थोडे मात्र रंग बदलतात. कुठला बदलेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून लक्ष ठेवायचं. उपाय एवढाच, की नियमित तोंड उघडून बघायचं. सुरुवातीला हिरामण येत होता. मग यायचा थांबला.

आता चट्ट्याच्या मधोमध लाल भाग होता. बोट फिरवलं तर कड टणक लागली. मला जे वाटलं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"हे कधीपासून?"

"दिवाळीच्या आसपास झोंबायला लागलं."

"मग आला का नाहीत?"

त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "तपासणीचे पैसे पगारातून कापाया लागले ना मॅडम. आईचं नाव विम्यात ठेवलंय, त्याचं येगळं कापतात. आईचं तर काढता येत नाय. मग म्हटलं, आपलं तोंड काय, दुखत तर नाय."

हे कापणं काय होतं ते सांगायला हवं.

नव्वदच्या दशकात मी तिथं लागले तेव्हा कामगाराला यातलं काहीच भरावं लागत नसे. कंपनी सगळ्यांचा मिळून एक विमा घ्यायची, त्याला ग्रुप मेडिक्लेम म्हणतात. त्यात कामगार, बायको, मुलं आणि आईवडील असायचे. मेडिक्लेममध्ये दातांचे उपचार धरत नाहीत. म्हणून युनियनबरोबरच्या करारात वेगळी डेंटल स्कीम होती आणि तिच्यासाठी मी होते. पुढं हॉस्पिटलची बिलं वाढली. विमा कंपनी दर वर्षी हिशेब करते, की हप्ता किती घेतला आणि क्लेम किती दिले. क्लेम जास्त गेले की पुढच्या वर्षी हप्ता चढतो. तो दर वर्षी चढतच होता. दोन हजार सालानंतर मॅनेजमेंटनं ठरवलं, की कंपनी आपला आकडा वाढवणार नाही, वरचा भार कामगारांनी उचलायचा. आधी आईवडिलांच्या हप्त्यात वाटा आला. मग दात भरणं, रूट कॅनाल यांचा अर्धा खर्च. आणि शेवटी साध्या तपासणीची फी.

त्या फीचा परिणाम मला चेअरवर दिसतच होता. लोक येईनासे झाले. जे येत ते म्हणत, "मॅडम, काढूनच टाका." कारण दात काढणं अजून फुकट होतं. चांगले वाचणारे दात काढायला मी नकार द्यायची. ते दुसरीकडे जाऊन काढून यायचे.

हिरामणच्या गालाचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवायचा होता.

"त्याचे बी कापतील?" त्यानं विचारलं.

"नाही. ते मी बघते. तुम्ही फक्त उद्या माझ्या क्लिनिकवर या, आणि वहिनींना घेऊन या."

रिपोर्ट आला तो मला अपेक्षित होता तसाच. कॅन्सर. पण सुरुवातीचा. गालापुरता, मानेत गाठ लागत नव्हती. मी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. अशा वेळी गोल गोल बोललं तर माणसं घरी जाऊन त्याचा हवा तसा अर्थ लावतात. हिरामण टेबलावरच्या काचेकडे बघत राहिला. त्याची बायको शोभा तेवढी बोलली.

"ऑपरेशन केलं तर नीट व्हतील का?"

"आत्ता केलं तर नीट व्हायची चांगली आशा आहे."

"आन् नाय केलं तर?"

"तर नाही."

"मंग कवा करायचं ते सांगा," ती म्हणाली.

मी त्यांना माझ्या ओळखीच्या कॅन्सर सर्जनकडं पाठवलं. त्यांनी तपासण्या करून पुढच्याच आठवड्यातली तारीख दिली. गालाचा तो भाग काढायचा, त्याला लागून असलेल्या दोन दाढा काढायच्या, मानेतल्या ग्रंथी काढायच्या आणि मांडीची कातडी गालाला आतून लावायची. ऑपरेशन कॅशलेस होणार होतं. म्हणजे पेशंटनं हॉस्पिटलला पैसे द्यायचे नाहीत, हॉस्पिटल बिल थेट पाठवणार. मात्र त्याआधी टीपीएची मंजुरी लागते. विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये क्लेम तपासणारी जी कंपनी असते, ती टीपीए. तेव्हा हा प्रकार नवा होता. कामगारांना वाटे की हे विम्याचेच लोक.

दोन दिवसांनी हॉस्पिटलमध्ये फॅक्स आला. मंजुरी नाकारली होती. कारण एका ओळीत: दंतोपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत.

मी तडक पर्सोनेल मॅनेजर सबनीसांच्या केबिनमध्ये गेले. सबनीस वाईट नव्हते. पण फाइलमध्ये जे लिहिलंय त्याच्या पुढं जायची त्यांना भीती वाटायची.

"मॅडम, पॉलिसीत एक्सक्लूजन आहे. दातांचे उपचार वगळलेत. मी काय करू?"

"सबनीस, हा दात नाही. गाल आहे. गालात कॅन्सर आहे."

"फॉर्ममध्ये दोन दाढा काढायच्या लिहिल्यात. आणि पहिलं रेफरन्स लेटर डेंटल सर्जनचं. तुमचंच."

"मी पाहिलं म्हणून माझं आहे. तोंडात बघायला दुसरं कोण बसलंय इथं?"

ते जरा वरमले. "आपण असं करू. त्याला कामगारांच्या क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढून देऊ. ऑपरेशन होऊ दे. नंतर क्लेमसाठी भांडत बसू."

"नंतर नाही. त्यानं दर महिन्याला पगारातून हप्ता भरलाय. आजारी पडल्यावर परत कर्ज कशाला काढायचं?"

बाहेर हिरामण उभा होता. त्यानं सगळं ऐकलं असावं. मला म्हणाला, "मॅडम, राहू द्या. गावी उन्हाळ कांदा निघाला की बघू. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न हाय."

"हिरामणभाऊ, कांदा चाळीत थांबेल. हे थांबणार नाही. तुमची तारीख बदलायची नाही. मी सांगेपर्यंत हॉस्पिटलला काही कळवू नका."

विमा कंपनीचं ऑफिस शरणपूर रोडला होतं. मी सकाळच्या सगळ्या अपॉइंटमेंट पुढं ढकलल्या आणि तिथं जाऊन बसले. तिथले अधिकारी सभ्य होते. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं, की मेडिकल निर्णय टीपीएचा डॉक्टर घेतो आणि तो मुंबईला असतो.

"त्यांना फोन लावून द्या."

"तुम्ही लेखी अर्ज द्या ना मॅडम. मी फॉरवर्ड करतो. आठ-पंधरा दिवसांत उत्तर येईल."

"ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. फोन लागेपर्यंत मी बसते इथं."

बसले. चहा झाला. लोक येत होते, गाड्यांचे विमे भरून जात होते. साहेब दोनदा माझ्याकडं बघून फाइलमध्ये डोकं घालून बसले. जेवणाची सुट्टी झाली तरी मी उठत नाही हे पाहिल्यावर त्यांनी स्वतःच नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

पलीकडचा डॉक्टर आवाजावरून तरुण वाटला. घाईतही होता.

"मॅडम, प्रोसीजरमध्ये एक्स्ट्रॅक्शन आहे. रेफर्ड बाय डेंटिस्ट. हे डेंटलच होतं."

"डॉक्टर, बायोप्सीचा रिपोर्ट वाचलात?"

"सोबत असेल तर पाहिला असेल."

"असेल नको. आत्ता काढा. मी थांबते."

कागद उलटल्याचा आवाज आला.

"स्क्वेमस सेल..." तो हळू म्हणाला.

"हो, कॅन्सर. त्या दाढांना काही झालेलं नाही. गाठीभोवती निरोगी भाग सोडून कापावं लागतं, त्या वाटेत त्या दाढा येतात. गाल म्हणजे दात नव्हे. हाच माणूस जबड्याचं हाड मोडून आला असता तर तुम्ही त्याला दाताचा पेशंट म्हटलं असतं का?"

"मला सर्जनचं पत्र लागेल. दाढा का काढताय ते त्यात स्पष्ट हवं. आणि पॅथॉलॉजिस्टची सही असलेली मूळ रिपोर्टची कॉपी."

"आज संध्याकाळपर्यंत फॅक्स होईल. पण मंजुरी उद्या हवी."

"प्रयत्न करतो."

"प्रयत्न नको. नाव सांगा तुमचं. उद्या मी तुम्हालाच फोन करणार."

त्यानं नाव सांगितलं. माझ्या मते त्या फोनवरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं. नकाराला नाव नसतं, तो ऑफिसकडून येतो. होकारावर मात्र कुणा एका माणसाचं नाव लागतं.

सर्जन ऑपरेशन थिएटरमध्ये होते. मी बाहेर थांबले, त्यांच्याकडून पत्र घेतलं, रिपोर्टची कॉपी घेतली आणि एसटीडी बूथवरून दोन्ही फॅक्स केले. दुसऱ्या दिवशी फोन करायची वेळच आली नाही. दुपारी मंजुरी आली. पूर्ण रकमेची नाही, पण ऑपरेशन ठरल्या दिवशी व्हायला पुरेशी. राहिलेला थोडा भाग सबनीसांनी वेल्फेअर फंडातून घातला. मला न विचारता, स्वतःहून. हे सांगायला हवं.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठीची कड साफ निघाली, मानेतल्या ग्रंथीही साफ. शोभा रोज हॉस्पिटलमध्ये नळीतून त्याला पातळ अन्न घालायची आणि डॉक्टर दिसला की उठून उभी राहायची. महिन्याभरानं हिरामण माझ्याकडं आला तेव्हा तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. मी त्याला आइसक्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दिला. दातांमध्ये धरायच्या आणि दर दोन-चार दिवसांनी एक काडी वाढवायची. त्यानं ते मनापासून केलं. तंबाखूही सुटली.

माझं काम मात्र अर्धंच झालं होतं. मी परत सबनीसांकडं गेले.

"तपासणीची फी काढून टाका."

"मॅडम, बजेट तुम्हाला माहितीये. पुढच्या वर्षीचा हप्ता अजून वाढतोय. त्यात हिरामणचा मोठा क्लेम. उलट आम्ही फी वाढवायचा विचार करत होतो."

"तुमची फी नसती तर हिरामण वेळेवर आला असता. चट्टा रंग बदलायला लागताच माझ्या क्लिनिकमध्ये पंधरा मिनिटांत काढता आला असता. तुमचा मोठा क्लेम तिथून आला."

सबनीस चाचरत म्हणाले, "राग मानू नका. वर विचारतील. तपासणीचं बिल तुमच्याच नावानं निघतं. फी काढा असं तुम्ही म्हणालात तर पेशंट वाढणार आणि बिलही तुमचंच वाढणार."

राग आला. पण प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर मलाही पडला असता.

"ठीक आहे. तपासणीचं वेगळं बिल मी लावणार नाही. माझ्या दोन दुपारच्या मानधनातच ती धरा. पण कामगाराकडून त्याचं काही घ्यायचं नाही. आणि तपासणीसाठी शिफ्टमधून सोडायचं, रजा कापायची नाही."

"हे लेखी द्याल?"

"तुम्हीही लेखी देणार असाल तर देते."

युनियनबरोबरच्या पुढच्या वाटाघाटीच्या बैठकीला मलाही बोलावलं. तिथं विषय निघाला. युनियनला रूट कॅनालचा वाटाही रद्द करून हवा होता. तो झाला नाही. आईवडिलांच्या हप्त्यातला वाटा कमी करा म्हणाले, तेही नाही. डायरेक्टर म्हणाले, पाहिजे तर त्या कामगाराला इथं बोलवा, त्याच्या तोंडून ऐकू. मी नको म्हटलं. त्याचा गाल दाखवून कुणाचं मन वळवायचं नव्हतं मला. पण हिरामण स्वतःहून आला. त्याला अजून नीट बोलता येत नव्हतं. दारातच उभा राहून म्हणाला, "साहेब, आईचा हप्ता कापा, माझी हरकत नाय. बघायचे पैसे तेवढे घेऊ नका. पैसे लागतात म्हटलं की माणूस बघतच नाय." आणि ड्युटीवर निघून गेला.

तपासणी फुकट झाली. वर्षातून एकदा प्रत्येक शॉपमधल्या सगळ्यांचं तोंड मी बघायची, तंबाखू खाणाऱ्यांचं जास्त वेळा. पुढच्या काही वर्षांत आणखी चट्टे सापडले. त्यातले बहुतेक साधे होते. काही वेळेवर काढले. एकालाही हिरामणएवढं मोठं ऑपरेशन लागलं नाही. हप्ता मात्र दर वर्षी वाढतच राहिला आणि कामगारांचा वाटाही. आईवडिलांची नावं कमी होत गेली. ते मला थांबवता आलं नाही.

हिरामण नंतर स्टोअरमध्ये गेला. तिखट आता जपून खातो, पण भाकरी चावून खातो.

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकले. विम्यात कपात करायची वेळ आली की पहिला हात तपासणीवर पडतो. कारण ती बंद केली तर त्या वर्षी कुणाचंच काही दुखत नाही. दुखायला लागतं पुढच्या वर्षी. तेव्हा बजेट नवं असतं, आणि बहुधा मॅनेजरही.